इंजिनाला बसवलेली अडशेरी

मित्रांनो, घाटकोपरला आग्रा रोडच्या कडेला भंगाराचं एक दुकान आहे. तिथे तुटक्या स्प्रिंगांच्या ढिगावर मी पडून असते. मी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, एक जुनी चकती. तळहातापेक्षा थोडी मोठी आणि चांगली दोन बोटं जाड. माझ्या एका अंगाला दोन भोकं आहेत, कडेला दोन भोकं आहेत आणि कडेलाच हरभऱ्याएवढा एक पितळी ठिपका आहे. दुकानात येणारी माणसं मला उचलतात, उलटीसुलटी करून बघतात आणि "हे कशाचं रे?" असं विचारून परत टाकतात. दुकानदारालाही ते ठाऊक नाही. म्हणून माझी हकिकत मीच तुम्हाला सांगते. खरं म्हणजे ती माझ्याइतकीच दत्ताराम फिटरची आहे.

मी जन्मले ती अडशेरी म्हणून. अडशेरी म्हणजे अडीच शेरांचं वजन. ओतशाळेत बिडाचा रस साच्यात ओतला तेव्हा माझ्या पोटात हवेचा एक बुडबुडा अडकून राहिला. वरून मी गुळगुळीत, काळीभोर, पण आतून एका जागी पोकळ. साहजिकच मी वजनाला कमी भरले. मग तळाच्या खोबणीत शिसं ओतून माझं वजन पुरं केलं, वर शिक्का मारला आणि माझी रवानगी घाटकोपरच्या एका वाण्याकडे झाली.

पुष्कळ वर्षं मी तांदूळ, डाळ, गूळ तोलला. एके दिवशी वाण्याच्या हातून मी फरशीवर पडले आणि तळाचं शिसं निखळलं. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे वजनं तपासणारे साहेब आले, त्यांनी मला काट्यावर ठेवलं आणि बाद केलं. दुकानात तेव्हा गिऱ्हाइकं होती. वाणी शरमेने लालबुंद झाला. "हिच्यापायी मी लबाड ठरलो," असं म्हणून त्याने मला दुकानामागच्या कचऱ्यात भिरकावलं. त्यात ना त्याचा दोष होता, ना माझा.

तिथून मला दत्तारामने उचललं.

दत्ताराम मूळचा मालवणकडचा. परळच्या एका गिरणीत तो फिटर होता. गिरणीतलं काम सुटल्यावर त्याने घाटकोपरला पत्र्याची शेड टाकून गाड्या दुरुस्त करायला सुरुवात केली. शेडच्या मागच्याच चाळीत एका खोलीत तो आणि त्याची बायको मालन राहत. दत्ताराम कमी बोलणारा माणूस होता, पण हाती घेतलेलं काम नीट झालं नाही तर त्याला अन्न गोड लागत नसे. त्या दिवसांत एक काम त्याला छळत होतं.

मुलुंडला एक प्रसूतिगृह होतं. तिथल्या नोकरदार मंडळींनी संस्था काढून ते उभारलं होतं. अनंतराव नावाचे गृहस्थ त्या संस्थेचे चिटणीस होते आणि प्रसूतिगृहाचा रोजचा कारभार नलिनीबाई नावाच्या परिचारिका सांभाळत. अडलेल्या बाईला शीवच्या मोठ्या इस्पितळात न्यायला संस्थेकडे एक गाडी होती. लढाई संपल्यावर लष्कराने विकायला काढलेली ती जुनी गाडी. तिचं इंजिन खलास झालं, म्हणून अनंतरावांनी एका लॉरीचं इंजिन मिळवलं आणि ते बसवायचं काम दत्तारामला दिलं. ही गोष्ट १९५१ सालची.

इंजिन बसलं, पण एक अडचण निघाली. इंजिनाच्या कुशीला तेल गाळणारं एक भांडं असतं. त्याला ऑइल फिल्टर म्हणतात. ते भांडं नेमकं स्टिअरिंगच्या पेटीवर आपटत होतं. जागा बोटभर कमी पडत होती.

"फिल्टर काढून टाक, तोंड बंद कर आणि गाडी दे," अनंतराव म्हणाले. "मुलुंडला बायका खोळंबल्यात."

"साहेब, आधीचं इंजिन तसंच गेलं," दत्ताराम म्हणाला. "कोणीतरी फिल्टर काढून टाकला होता. घाण तेल आत फिरत राहिलं. आता हे दुसरं इंजिन मी मारायला बसवू काय?"

"मग काय करणार आहेस?"

"फिल्टरची जागा बदलतो."

त्याच्या डोक्यात बेत पक्का होता. फिल्टर इंजिनापासून सोडवायचा आणि ड्रायव्हरच्या पुढच्या पत्र्याच्या भिंतीवर लावायचा. इंजिनावर फिल्टरच्या जागी एक जाड चकती बसवायची. इंजिनातलं तेल चकतीच्या एका वाटेने बाहेर पडायचं, रबरी नळीतून फिल्टरपर्यंत जायचं आणि गाळून झालं की दुसऱ्या नळीने चकतीच्या दुसऱ्या वाटेने परत आत यायचं. अशी चकती बाजारात मिळत नव्हती. ती घरीच करावी लागणार होती, आणि तिच्यासाठी लागणारा जाड, गोल तुकडा त्याला वाण्याच्या कचऱ्यात सापडला.

कुर्ल्याच्या एका कारखान्यात ओळखीने त्याने मला लेथवर सपाट करून घेतलं. माझा शिक्का गेला, तळाची खोबणी गेली. भोकं मात्र त्याने स्वतःच्या शेडमध्ये, हाताने ड्रिल फिरवून पाडली. बीड ठिसूळ असतं. घाई केली तर तडकतं. दत्तारामने दोन दिवस घेतले. एका जागी ड्रिलला हलका झटका बसला. तो थांबला. त्याने भुकटी फुंकली, भोकाला डोळा लावला. काही दिसेना, म्हणून पुन्हा फिरवू लागला.

मित्रांनो, तो झटका म्हणजे माझ्या पोटातल्या बुडबुड्याची भिंत फुटली होती. त्या बुडबुड्यापासून माझ्या कडेपर्यंत केसाएवढी एक चीर जन्मापासूनच होती. आता तेलाच्या वाटेतून बुडबुड्यात आणि बुडबुड्यातून बाहेर असा रस्ता तयार झाला. मला ते कळलं. पण मला तोंड असूनही नव्हतं.

पहिल्या दिवशी इंजिन सुरू झालं तेव्हा मी कोरडी होते. गार तेल घट्ट असतं, ते बारीक चिरेतून येत नाही. गाडीचा ड्रायव्हर जयवंत गाडी घ्यायला आला होता. तो वाकून बघत म्हणाला, "झकास जमवलंस की दादा." दत्ताराम हसला. तो हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी जयवंत गाडी घेऊन परत आला. "दादा, गळतंय रे. खाली थारोळं साचलं."

तापलेलं तेल पातळ होऊन त्या चिरेतून पाझरलं होतं. ते माझ्या कडेवरून ओघळत खाली, माझ्या आणि इंजिनाच्या सांध्यापाशी गोळा होत होतं आणि तिथून थेंब थेंब पडत होतं. बघणाऱ्याला वाटावं, सांधाच गळतो. दत्तारामलाही तेच वाटलं. सांध्यात जाड कागदाचं पॅकिंग होतं. ते काढून त्याने बुचाचं पॅकिंग कापून घातलं. चार दिवसांनी जयवंत पुन्हा दारात.

मग दत्तारामने मला खोलून काचेवर घासलं. तेलात शेंदूर कालवून तो काचेला फासायचा आणि मला त्यावर टेकवायचा. जिथे शेंदूर लागेल तिथे उंचवटा. तो कानशीने उतरवायचा आणि पुन्हा टेकवायचा. सगळा दिवस तो तसा वाकून बसला होता. संध्याकाळी मी आरशासारखी सपाट झाले. मला तिसऱ्यांदा बसवलं आणि मी तिसऱ्यांदा गळले.

आता त्याचा संशय नळ्यांच्या तोंडांवर गेला. नळ्या लष्करी मालातल्या, अमेरिकन. त्याने माझ्यात पाडलेले आटे विलायती, इंग्रजी मापाचे. दिसायला दोन्ही सारखेच, पण एका इंचात एका आट्याचा फरक. दोन-तीन वेढे सहज जातात आणि मग अडतात. "हेच ते," तो स्वतःशी म्हणाला. त्याने चोरबाजार पालथा घालून विलायती आट्यांची तोंडं आणली, शेंदूर आणि सुती दोरा लावून घट्ट आवळली. ही खोड खरीच होती आणि तिथूनही थोडं तेल येत होतं. पण मोठा पाझर माझा होता. मी चौथ्यांदा गळले.

त्या संध्याकाळी त्याने पाना इतक्या जोरात आपटला, की शेडचा पत्रा वाजला. मग त्याने तो उचलला, पुसला आणि जागेवर ठेवला. मला त्या आपटण्यापेक्षा त्या पुसण्याचं जास्त वाईट वाटलं.

अनंतरावांचा धीर सुटत चालला होता. "दत्ताराम, तुला जमत नसेल तर तसं सांग," ते म्हणाले. "एका गाळणीपायी गाडी महिनाभर इथे खेटे घालतेय. बाहेर लोक आम्हाला विचारतात, त्यांना काय सांगू? फिटरचा हट्ट आहे म्हणून?"

दत्ताराम खाली मान घालून उभा राहिला. "साहेब, आणखी एक वेळ द्या," एवढंच तो म्हणाला. त्याने पुन्हा नवं पॅकिंग घातलं आणि गाडी मुलुंडला पाठवली.

दोन दिवसांनी तो सकाळीच मुलुंडला गाडी बघायला गेला. जाताना तेलाचे दोन डबे घेऊन गेला, म्हणजे त्याचाही भरवसा नव्हता. प्रसूतिगृहाच्या आवारात तो गाडीखाली उताणा पडला. माझ्या कडेवर तेलाचा थेंब धरला होता. तो थेंब त्याच्या कपाळावर पडला. त्याने तो पुसलासुद्धा नाही.

तेवढ्यात नलिनीबाई धावत बाहेर आल्या.

"जयवंत, गाडी काढ. शीवला जायचंय, आत्ताच्या आत्ता."

भांडुपहून सुलक्षणा नावाची एक पहिलटकरीण पहाटे आली होती. मूल आडवं होतं. नलिनीबाईंचे हात थकले होते. इथे होण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

जयवंतने गाडीखाली वाकून विचारलं, "दादा, जाईल काय?"

दत्ताराम बाहेर आला. "जाईल. पण मी सोबत येतो."

सुलक्षणाला आत निजवलं. तिची सासू आणि नलिनीबाई तिच्यापाशी बसल्या. दत्ताराम तेलाचे डबे घेऊन जयवंतच्या शेजारी बसला. त्याची नजर समोरच्या तेलाच्या दाबाच्या काट्यावर खिळली होती.

भांडुपपर्यंत ठीक गेलं. मग मी तापले. आत तेल दाबाने धडका देत होतं आणि माझ्या चिरेतून बाहेर येऊन धुराच्या तापल्या नळकांड्यावर पडत होतं. त्याचा धूर होऊ लागला. धूर पत्र्याच्या फटींतून आत शिरला. सासू खोकू लागली. मागून नलिनीबाईंचा आवाज आला, "हा धूर कसला? आत श्वास घेता येत नाही."

"बाई, तेल आहे. आग नाही," दत्ताराम म्हणाला.

विक्रोळी मागे पडली. घाटकोपर आलं, गेलं. कुर्ल्याच्या अलीकडे काटा थरथरला आणि खाली येऊ लागला.

"जयवंता, थांबव."

"काय थांबव?" नलिनीबाई मागून कडाडल्या. "मुलाचे ठोके मंद होतायत. गाडी थांबवायची नाही."

जयवंतचा पाय घुटमळला. त्याने दत्तारामकडे पाहिलं.

"थांबव म्हणतो ना," दत्ताराम म्हणाला. "इंजिन धरलं, जाम झालं तर पुढचा रस्ता काय हाताने ढकलणार?"

गाडी थांबली. दत्ताराम उडी मारून उतरला. झाकण उघडलं, तापल्या इंजिनाला हात भाजला, तरी त्याने एक डबा पूर्ण ओतला, दुसराही अर्धा केला. आतून सुलक्षणाचं कण्हणं ऐकू येत होतं. नलिनीबाई काचेतून त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती मी विसरलेले नाही. सगळं मिळून दोन मिनिटं गेली असतील. ती दोन मिनिटं माझ्यामुळे गेली. वाण्याने मला फेकलं तेव्हाही मी इतकी शरमले नव्हते.

गाडी शीवला पोहोचली. सुलक्षणाला आत नेलं. दुपारी दोनच्या सुमाराला नलिनीबाई बाहेर आल्या. मुलगी झाली होती. आई आणि मूल दोघंही वाचली होती.

जयवंतने हात जोडले. दत्ताराम पायरीवर बसला होता, तो उठून उभा राहिला.

"गाडी पोहोचली," नलिनीबाई त्याला म्हणाल्या. "तुम्ही थांबवलीत ते बरोबरच असेल, मला त्यातलं कळत नाही. पण पुन्हा अशी गाडी माझ्या दारात आणू नका. मुळीच आणू नका."

त्या आवाज न चढवता बोलल्या. दत्तारामला ते जास्त लागलं.

परत येताना गाडी त्याच्या शेडमध्येच ठेवली. त्याने मला खोललं, पुसलं आणि लाकडी बाकावर ठेवलं. समोर बसून तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला वाटलं, आता हा मला भट्टीत टाकणार. टाकलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालन जेवणाचा डबा घेऊन शेडमध्ये आली. कालचा डबा तसाच परत गेला होता.

"आधी दोन घास खावा. मगे बघा तिच्याकडे," ती म्हणाली.

"माका माझ्या हातांचोच भरवसो उरलो नाय," दत्ताराम म्हणाला. "पॅकिंग बदलला, आटे बदलले, घासून घासून आरसो केलंय. तरी गळता."

मालनने मला उचललं. तिच्या हाताला पिठाचा वास होता. तिने मला उजेडात धरून फिरवलं.

"सांध्यातसून गळता ह्या कोणी सांगला?"

"थयसूनच थेंब पडता."

"थेंब पडता थयसून. पण येता खंयसून?" ती म्हणाली. "मडक्याचा पाणी बुडातसून पडता, पण पाझर वरती असता. आमची आवय मडक्याक सुको चुनो फासायची. जंय चुनो भिजता, थंय भोक."

दत्तारामने वर पाहिलं. तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "पानाचो चुनो आसा काय घरात?"

मालनने चुना आणला. दत्तारामने माझं अंग रॉकेलने धुऊन स्वच्छ केलं, वाळवलं आणि बाहेरून चुन्याचा पातळ हात दिला. मी पांढरीफटक झाले. चुना वाळल्यावर त्याने माझ्या वाटांत रॉकेल भरलं, तीन भोकांना लाकडी बुचं ठोकली आणि चौथ्याला सायकलचा पंप जोडला. मालनने मला घट्ट धरलं आणि तो पंप मारू लागला.

एक, दोन, तीन. काही नाही. तो मारत राहिला. माझ्या पोटात रॉकेल त्या बुडबुड्यात शिरलं, तिथून चिरेत शिरलं. मी मनात म्हणत होते, आणखी थोडं, आणखी थोडं.

"ह्या बघा," मालन म्हणाली.

माझ्या कडेवर, सांध्यापासून चांगलं अर्ध्या बोटावर, तिळाएवढा काळा ठिपका उमटला होता. बघता बघता तो हरभऱ्याएवढा झाला.

दत्तारामने पंप खाली ठेवला. तो ओरडला नाही, हसलाही नाही. त्याने ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "म्हणजे लोखंडच पोकळ. एवढे दिवस मी माकाच शिव्या घालतंय." मग जमिनीवर बसून त्याने तो डबा उघडला आणि भाकरीचा शेवटचा तुकडा संपेपर्यंत मान वर केली नाही.

संध्याकाळपर्यंत त्याने ठिपक्याच्या जागी भोक पाडलं, ते बुडबुड्याच्याही पलीकडे नेलं, त्यात आटे पाडले आणि पितळेचा खिळा आवळून वरून ठोकून सपाट केला. त्यानंतर मी गळले नाही. एकदाही नाही.

पुढची सहा वर्षं ही माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी, किती बायका त्या गाडीतून शीवला गेल्या. नलिनीबाई पहिले तीन महिने रोज सकाळी गाडीखाली वाकून जमीन बघायच्या. मग त्यांनी वाकणं सोडलं. एकदा प्रसूतिगृहात नवे डॉक्टर आले, त्यांना गाडी दाखवताना त्या म्हणाल्या, "ही गाडी वेळेला धोका देत नाही. दत्तारामची आहे." गाडी संस्थेची होती, पण त्या तसंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी जयवंतने गाडीने घाटकोपरला जाऊन दत्तारामला ते सांगितलं. दत्ताराम "बरं" म्हणाला आणि हातातली कानशी तशीच धरून थोडा वेळ उभा राहिला.

दर दसऱ्याला तो मुलुंडला यायचा. झेंडूचं फूल इंजिनावर ठेवायच्या आधी तो माझ्या दोन्ही रबरी नळ्या काढून नव्या घालायचा. जुन्या नळ्या वरून धडधाकट दिसायच्या. जयवंत एकदा म्हणाला, "दादा, चांगल्या आहेत की या."

"रबर आतून मरतं," दत्ताराम म्हणाला. "तेल आणि ताप. वर दिसत नाही."

१९५७ साली गावाला त्याची आई अंथरुणाला खिळली. दत्तारामने शेड दुसऱ्याला दिली आणि मालनला घेऊन तो मालवणला गेला. जायच्या आधी तो अनंतरावांना भेटायला आला. मी तिथेच होते, गाडी दारात उभी होती.

"साहेब, एकच सांगणं आहे. दसऱ्याला नळ्या बदला. विसरू नका."

"गळतायत का?"

"नाही. म्हणूनच सांगतो."

अनंतराव हसून म्हणाले, "बरं, बरं. तू निश्चिंत जा."

माणूस वाईट नव्हता. त्यांच्या मागे शंभर कामं होती आणि गाडी तर उत्तम चालत होती. तो दसरा आला आणि गेला. जयवंतने झेंडूची माळ घातली. नळ्यांचा विषय निघाला नाही. पुढचा दसराही तसाच गेला. मी आतून बघत होते. नळ्यांची आतली बाजू कडक होत होती, तिला बारीक भेगा पडत होत्या. मित्रांनो, हे माझ्या वाट्याला दुसऱ्यांदा आलं. ठाऊक सगळं आणि सांगता काहीच येत नाही.

१९५९ च्या उन्हाळ्यात एका दुपारी, एका बाईला शीवला पोहोचवून रिकामी गाडी परत येत असताना, भांडुपजवळ माझी एक नळी फिल्टरच्या टोकाशी फुटली. सगळं तेल रस्त्यावर सांडलं. समोरचा काटा झटकन खाली आला. जयवंतला वाटलं काटाच बिघडला, कारण सात-आठ वर्षांत तो कधी इतका खाली आलेला त्याने पाहिला नव्हता. तो तसाच पुढे गेला. मैलभरात इंजिनाने एक कर्कश आवाज केला आणि ते जागच्या जागी धरलं.

गाडी ओढून एका नव्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, मला पाहिलं, पितळी खिळा पाहिला आणि मान हलवली. "ही कसली गावठी चकती? हिनेच घात केला. अशी कामं करून घेता आणि मग इंजिनं मरतात."

अनंतरावांनी ते ऐकून घेतलं. पण घरी जाऊन त्यांनी मालवणला पत्र लिहिलं असावं, कारण पंधरा दिवसांनी दत्ताराम आला. त्याचे केस पांढरे झाले होते आणि एका डोळ्याने त्याला नीट दिसत नव्हतं. नलिनीबाईही आल्या होत्या. दत्तारामने कुणाशी वाद घातला नाही. त्याने खिशातून स्वच्छ पांढरा रुमाल काढला, वाकला आणि तो माझ्या कडेवरून, पितळी खिळ्यावरून, सांध्यावरून सावकाश गोल फिरवला. मग रुमाल अनंतरावांच्या हातात दिला.

रुमालाला धूळ होती. तेल नव्हतं.

मग त्याने फुटकी नळी उचलली आणि दोन बोटांनी वाकवली. ती वाळल्या काटकीसारखी मोडली.

"ही कधी बदलली होती?" त्याने विचारलं.

जयवंतने मान खाली घातली. अनंतराव रुमालाकडे बघत राहिले. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "गळत नव्हतं, म्हणून राहून गेलं."

नलिनीबाई पुढे आल्या. "गाडीत बाई असती तर?" त्यांनी विचारलं. तो प्रश्न त्यांनी नेमका कुणाला विचारला, हे कुणाला कळलं नाही. 

संस्थेने नवी गाडी घेतली. जुनी तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली आणि मी या दुकानात आले.

मित्रांनो, मी गळत होते तेव्हा सगळं जग माझ्याकडे बघत होतं. पुन्हा पुन्हा खोललं, घासलं, शिव्या दिल्या, चुना फासला. गळायची थांबले आणि दत्ताराम गेल्यावर माझ्याकडे कुणी बघेनासं झालं. तुमच्या घरातही अशा वस्तू असतील, अशी माणसंही असतील. त्यांची कधी कुरकुर नसते, म्हणून कुणी त्यांना विचारत नाही. दसऱ्याला झेंडू वाहाल तेव्हा वाहा. पण त्याआधी, काहीही बिघडलेलं नसताना, एकदा खाली वाका, झाकण उघडा आणि स्वच्छ फडक्याने पुसून बघा.